वसुलीचा दिवस

घरून निघताना शेठजींनी सांगितले होते, "राजूरला वसुलीला जाऊन येतो." राजूरला उधारी होती हे खरेच, परंतु मोटार राजूर ओलांडून पुढे गेली आणि डिसेंबरच्या थंडीत, सूर्योदयाच्या सुमारास, बारी गावात उभी राहिली. समोर कळसूबाई. उंची १६४६ मीटर. अवघ्या महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. संगमनेरच्या कापडाच्या पेढीवर ३५ वर्षे बसलेल्या, ५८ वर्षे वयाच्या या गृहस्थांनी आजवर कोणताही डोंगर एकट्याने चढलेला नव्हता.

कारण क्षुल्लक होते, निदान बाहेरच्या माणसाला तसे वाटेल. दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर मुलगा म्हणाला होता, "पप्पा, आता तुम्ही निवांत बसा. हिशेब संगणकावर आहेच, खरेदीला सुरतेला मी जाईन." मुलाच्या मनात काळजी होती. शेठजींच्या कानांना मात्र 'निवांत' हा शब्द वेगळाच लागला. वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या मालाला दुकानदार जे म्हणतो, ते त्यांना त्यात ऐकू आले. त्यावर वाद न घालता त्यांनी महिनाभर मौन पाळले आणि दुकानाच्या सुटीचा दिवस पाहून हा बेत आखला. चढून यावे, मग सांगावे, असा हिशेब होता.

खोट्याला व्याज लागते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथे ते पाण्याच्या रूपाने लागले. घरात सर्वांना उकळलेलेच पाणी पिण्याचा नेम. सकाळी त्यांनी दोन बाटल्या भरून घेतल्या तेव्हाच पत्नीने विचारले होते, "वसुलीला एवढे पाणी?" तिसरी बाटली मागण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. डब्यातही एकाच माणसाच्या एकाच वेळच्या भुकेचे खाखरे आणि ठेपले होते.

शेते आणि ओढा मागे टाकून वाट देवळापाशी आली, तेव्हा नवकारसीची वेळ झाली. दोन खाखरे खाऊन ते पुढच्या सोंडेला लागले. सह्याद्रीचा हा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून घडलेला. म्हणून चढही एकसारखा नाही; थोडी सपाटी येते, मग ताशीव कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. जेथे कडा आहे तेथे खोदीव पायऱ्या, आणि पायऱ्याही जेथे हरतात तेथे लोखंडी शिड्या. दोन्ही बाजूंना वाळलेले पिवळे गवत आणि कारवीची झुडपे. शनिवार-रविवारी येथे तरुणांची झुंबड असते म्हणे. मधल्या वारी वाटेवर गुराख्याखेरीज कोणी नव्हते.

पहिल्या तासात त्यांनी ग्राहक मोजावेत तशी पावले मोजली. पुढे मोजणे सुटले. छातीचा भाता असा चालू लागला की थांबावेच लागे. थांबले की पाणी प्यावेसे वाटे आणि प्याले की बाटली केवढी रिकामी झाली ते दिसे. पहिल्या शिडीवर चढताना थंड लोखंड तळव्यांना चावले. अर्ध्यावर त्यांनी खाली पाहिले आणि पाहायला नको होते असे वाटून कपाळ लोखंडाला टेकवले. मनात आले, येथून पडलो तर शोध राजूरला होईल. आपण कोठे आहोत हे जगात एकाही माणसाला ठाऊक नाही, या विचाराने त्यांना उंचीपेक्षा अधिक घाबरविले. तरीही ते वरच चढले. यात शौर्य किती आणि हट्ट किती, याचा निवाडा करणे कठीण आहे; हट्टच अधिक असावा.

पावणेबाराला ते शिखरावर पोहोचले. देवीच्या लहानशा देवळाबाहेर बूट काढून ते बसले. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग एका ओळीत उभे होते, दक्षिणेकडे रतनगड. खाली भंडारदऱ्याचा जलाशय पसरला होता. १९२६ साली पुरे झालेल्या या धरणातूनच प्रवरा पुढे अकोल्याकडे आणि संगमनेरकडे जाते. ज्या नदीच्या काठी आयुष्य गेले, तिचे पाणी येथे साठलेले त्यांनी प्रथमच वरून पाहिले. पाहता पाहता दुसऱ्या बाटलीतले शेवटचे चार घोटही संपले.

तेवढ्यात दूरध्वनी वाजला. मुलगा होता.

"पप्पा, राजूरच्या दुकानदाराचा फोन आला होता. तुम्ही तेथे गेलाच नाहीत? कुठे आहात?"

वाऱ्याचा आवाज लपविता येण्यासारखा नव्हता. शेठजी म्हणाले, "कळसूबाईवर आहे. शिखरावर. एकटा आहे."

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग मुलाने एवढेच विचारले, "पाणी आहे?"

"संपले."

"सावकाश उतरा. मी निघतो."

चढाला दम लागतो, उताराला गुडघे. पहिल्या शिडीखाली उतरेपर्यंत मांड्या थरथरू लागल्या. दुसऱ्या शिडीच्या पायथ्याशी उजव्या पोटरीत असा गोळा आला की ते दगडावर बसून राहिले. जवळच एका आडोशाला चूल मांडून एक प्रौढ बाई चहा विकत होती. सकाळी त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नव्हते, कारण तेव्हा ती आलेलीच नव्हती.

"बाबा, पाणी घ्या. विहिरीचं हाय, गार."

"ताई, आमचा नेम आहे. उकळल्याशिवाय पीत नाही."

बाईने नवल केले नाही. चहाचे पातेले उतरवून तिने दुसरे चुलीवर चढविले. शेठजींनी खिशातला स्वच्छ रुमाल दुहेरी करून दिला, त्यातून तिने पाणी गाळले. उकळी येऊन पाणी निवेपर्यंत बराच वेळ जाणार होता. तेवढ्यात तिने कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्यांची पोर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या बोलीवर ती खालच्या गावात एका घरी कामाला राहिली. एकदा घरच्यांनी तेच काम सांगितले. तिने निमूट केले, आणि मग जी डोंगरावर गेली ती परतलीच नाही.

"कुनाला बोलली न्हाई, भांडली न्हाई," बाई म्हणाली. "बोलली असती तर घरात ऱ्हायली असती."

शेठजी रुमालाच्या घड्या घालीत राहिले. साखर आणि मीठ घालून ते कोमट पाणी त्यांनी तीन पेले प्यायले. चहाच्या दराने पैसे देऊ केले तेव्हा बाईने लाकडांचे तेवढे घेतले आणि "पान्याचे कसले पैसे" म्हणून उरलेले परत केले. भाव न करता झालेला असा व्यवहार त्यांच्या आठवणीत दुसरा नव्हता.

ही सोंड पूर्वेकडची; दुपार कलली की ती लवकर सावलीत जाते. पाचाच्या सुमारास खालच्या सपाटीवर कोणीतरी दुकानातल्याच चपला घालून घसरत, धापा टाकीत वर येताना दिसले. मुलगा होता. हातात थर्मास आणि काखेत डबा. दुकानाचा टेम्पो घेऊन आला होता. जवळ येऊन तो काहीच बोलला नाही. खाली बसून त्याने आधी वडिलांच्या बुटाची नाडी सैल केली.

"आईला सांगितलेस?" शेठजींनी विचारले.

"सांगितले. डबा तिनेच दिला आहे. सूर्यास्ताला पाऊण तास आहे, आधी जेवून घ्या."

गवतावरच दोघे जेवले. शेवटचा घास घेऊन, पाणी पिऊन शेठजी म्हणाले, "तू निवांत बसा म्हणालास ना, ते मला लागले."

मुलाचा हात डब्यावर थांबला. "दिवाळीला? अहो पप्पा, महिना झाला."

"झाला खरा."

मग मुलाने एक हात पुढे केला. शेठजींनी तो धरला, आणि उतरत्या अंधारात दोघे देवळाच्या दिशेने चालू लागले. पुढे मुलगा, चपला घसरल्या की त्याला सावरायला मागे वडील.