उतरती धग

आश्विन सरत आला की पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं आणि दुपारी ऊन चटकतं. मिरजेतल्या आमच्या घरी या दिवसांत भाजणीचा खमंग वास दरवळायचा, पण माझी दिवाळी सुरू व्हायची ती आई माळ्यावरचा पत्र्याचा मोठा डबा खाली काढायची तेव्हा. डबा घासून-पुसून दिवसभर उन्हात ठेवला जाई. तो नानकटाईचा डबा.

चकली, करंजी, शंकरपाळी तळणीत व्हायची, बेसन कढईत भाजून लाडू वळले जायचे. सगळा फराळ घरच्या आचेवर होई. नानकटाईला मात्र खालून-वरून, चहूबाजूंनी धग लागते आणि ती आमच्या स्वयंपाकघरात नव्हती. म्हणून सगळं सामान पिशवीत भरून आम्ही बेकरीच्या भट्टीवर जायचो. मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा असं मिळून किलोभर, त्याला अर्धा किलो पिठीसाखर, पाऊण किलो तूप, चिमूटभर सोडा, पुडीत वेलची-जायफळ.

भट्टीच्या मागल्या अंगणात गल्लीतल्या काकू, मावश्या आधीच पराती मांडून बसलेल्या असत. थिजलेलं तूप तळहातानं फेसायचं. पिवळसर तूप हळूहळू पांढरं, हलकं होत जाई. ते असं फुलून आलं की झालं. मग साखर, मग पीठ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, पीठ तुपातच मळायचं आणि तेही हलक्या हातानं. फार मळलं तर नानकटाई चिवट होते. नीट जमलेली नानकटाई जिभेवर ठेवताच विरघळते. आईचे हात दुखू लागले की शेजारच्या काकू न सांगता परात आपल्याकडे ओढून घेत.

भट्टीवाल्या चाचांचा हिशेब वेळेचा होता. भट्टीत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे आणि कडक आचेवर पाव भाजून घ्यायचे. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरते. त्या उतरत्या धगीवर नानकटाई. लांब दांड्याच्या फळीनं चाचा एकेक पत्रा आत सरकवायचे. कुणाचा पत्रा कुठला हे त्यांना बिनचूक आठवायचं. आम्हा पोरांना ते बजावत, “बेटा, घाई करू नका. आच तेज असली तर वरून लाल होईल, आतून कच्ची राहील.” थोड्या वेळानं पत्रे बाहेर येत. गोळ्यांवर भेगा पडलेल्या असत, काठ किंचित तांबूस झालेले असत आणि सगळ्या अंगणात तूप-वेलचीचा वास भरून राही. चाचांच्या हातावर पहिली नानकटाई ठेवल्याशिवाय आईनं आमचा डबा कधी भरला नाही.

पुढे नानकटाईविषयी वाचलं तेव्हा तिचं कूळही असंच अनेक घरांतून फिरत आलेलं दिसलं. नान म्हणजे फारसीतली रोटी. तिच्या जन्माची कथा सुरतेची सांगतात. तिथल्या डच लोकांची भट्टी एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि त्या भट्टीतून हा खुसखुशीत गोडवा निघाला. म्हणजे नाव फारसी, भट्टी डचांची, हात पारशाचे, गाव गुजरातेतलं. आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात ती चकलीशेजारी अशी बसते, जणू कायम आपलीच होती.

आता माझ्या ओट्यावर ओव्हन आहे. बटण फिरवलं की हवी तेवढी धग मिळते, नानकटाई चांगली होते. तरी परातीवर वाकलेली मी एकटीच असते, तेव्हा त्या अंगणाची उणीव जाणवते. तशा भट्ट्याही आता बदलताहेत. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुरात आयुष्य काढणाऱ्या कारागिरांच्या छातीचा विचार केला तर ते योग्यच आहे. इंधन बदलो, भट्टी राहो, एवढंच माझं मागणं. आपल्या सणाचा एक जिन्नस दुसऱ्याच्या आचेवर, दुसऱ्याच्या हातून भाजून येतो, ही रीत मला फार मोलाची वाटते. आमची दिवाळी चाचांच्या भट्टीशिवाय पुरी होत नव्हती, हे आम्हाला लहानपणीच कळलं होतं. ते कुणाला शिकवावं लागलं नाही.

तुमच्या गावात अजून घरचं सामान भाजून देणारी भट्टी असेल, तर यंदा डबा घेऊन जा. मुलांना सोबत न्या, शेजारणीला हाक मारा. आणि वसुबारसेच्या आधीच जा. नंतर नंबर लागत नाही.