एकच वनडे खेळलेला कर्णधार

माझे अब्बा पेपरात रणजीचे निकाल वाचत, पण विदर्भाची ओळ आली की मान हलवून पान उलटत. १९५७-५८ पासून खेळणारा आमचा संघ, सहा दशकं करंडकाच्या आसपासही फिरकला नव्हता.

मग आपल्या नागपूरच्याच फैज फजलकडे कर्णधारपद आलं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीचे कडक, सोबत वसीम जाफरसारखा मातब्बर. या दोन मोठ्यांमध्ये उभं राहून पोरांना सांभाळणं सोपं नाही. घरातल्या मधल्या भावाला विचारा! फैजने त्या हंगामात स्वतः ९१२ धावा केल्या. उपांत्य सामन्यात कर्नाटकवर विजय मिळाला तो अवघ्या ५ धावांनी. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून करंडक घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा घेतला.

वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, "टीचर, मग तो इंडियाकडून का नाही खेळला?"

खेळला, एकच वनडे. जून २०१६, हरारे, नाबाद ५५. पुन्हा बोलावणं आलंच नाही. मी फळ्यावर फक्त सालं लिहिते. दोन्ही करंडक त्यानंतरचे आहेत. रुसून बसायला कारण होतं, तो बसला नाही.

२०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. तेव्हाचा कर्णधार अक्षय वाडकर. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात, फैजच्या हाताखाली शतक ठोकणारा यष्टिरक्षक तोच.