विषयांची यादी

पदवीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कुठे?' हा. नांदेड की लातूर, संभाजीनगर की पुणे; वसतिगृह मिळेल का, शुल्क किती, सोबत कोण आहे, याचा खल दिवसेंदिवस चालतो. 'काय शिकणार?' या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात संपते. 'एम.ए.' किंवा 'एम.कॉम.' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. त्या दोन-तीन अक्षरांच्या पोटात कोणते विषय आहेत, ते कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि कशासाठी घ्यायचे, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. मग नोंदणीच्या आठवड्यात विद्यार्थी संगणकासमोर बसतो आणि मैत्रिणीने किंवा मित्राने जे निवडले तेच निवडून मोकळा होतो.

नायगावातील एका आडत दुकानदाराच्या घरी मात्र गेल्या उन्हाळ्यात हा दुसरा प्रश्न चांगला तीन आठवडे जेवणाच्या वेळी निघत राहिला. थोरली मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली होती. हंगामात दुकानाच्या वहीत नोंदी करण्याचे काम नववीपासून तिच्याकडे असे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की भाव का उतरतो, हे तिला दुकानातच उमगले होते. पण ज्या शेतकऱ्याला माल घरी ठेवणे परवडत नाही, त्याचे त्या उतरलेल्या भावात नेमके किती नुकसान होते आणि ते मोजायचे कसे, याचे उत्तर तिला बी.ए.च्या पुस्तकांत मिळाले नाही. आडत्याच्या मुलीनेच हा प्रश्न विचारावा, याची घरात थोडी थट्टाही झाली. तिला एम.ए. करून पुढे सेट द्यायची होती आणि महाविद्यालयात शिकवायचे होते. त्याच सुमारास घरात स्थळांचाही विषय निघू लागला होता.

आजोबांना नांदेडला विद्यापीठ आहे याचेच अजून अप्रूप वाटते. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते १९१८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. नांदेडचे पीपल्स महाविद्यालय १९५० मधले, औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ मधले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनीच, अस्तित्वात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे आजचे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विष्णुपुरीच्या त्याच्या परिसरात विभागांना संकुल म्हणतात. नायगावहून देगलूर-नांदेड रस्त्याने नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर आणि तिथून लातूर रस्त्याला विष्णुपुरी. तीन पिढ्यांत विद्यापीठ इतके जवळ आले. आजोबांचे म्हणणे एवढेच होते, "जवळ आलं म्हणजे सोपं झालं, असं समजू नकोस, बाई."

सोपे झालेले नव्हतेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांची नवी रचना २०२३-२४ पासून लागू झाली. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांची चार सत्रे आणि प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक, असा त्याचा सांगाडा आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात पंधरा तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तास. प्रत्येक सत्रात काही विषय अनिवार्य आणि एक निवडीचा. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. मुलीने हे सारे एका कागदावर उतरवून वडिलांपुढे ठेवले. त्यांनी ते रोजमेळ वाचावा तसे वाचले आणि विचारले, "यात आपल्या हातात किती?" तिने हिशेब केला. सत्राला २२ धरले तर एकूण ८८ श्रेयांक; त्यांत निवडीचे विषय चार, म्हणजे १६ श्रेयांक. त्याखेरीज प्रकल्पाचा विषय आणि प्रशिक्षणाची जागा. बाकी सर्वांना सारखेच.

निवडीला जागा इतकी थोडी आहे म्हणूनच ती आधी ठरवायला हवी. पण याच कारणाने लोक ती सोडून देतात. अठ्ठ्याऐंशीत सोळा म्हणजे काय मोठे, असे वाटते.

या कागदावरच्या एका ओळीने घरात खरी चर्चा पेटवली. पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेले श्रेयांक मिळवून बाहेर पडायचे असेल तर पदव्युत्तर पदविका मिळते, अशी ती ओळ होती. काकांना ती फार आवडली. "मग एक वर्ष करू द्या. चांगलं स्थळ आलं तर पदविका आहेच, नाही आलं तर पुढचं वर्ष," असे त्यांनी सुचवले. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही वाट ठेवलेली आहे, आणि मिळवलेले श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात, हेही खरे. परंतु अडचणीसाठी ठेवलेली वाट घरच्यांनी आधीच मुक्कामाची जागा म्हणून ठरवली, तर पहिल्या वर्षाची आखणीच वेगळी होते. मग अवघड विषय कोण घेईल? आणि घरच्यांची ही सोयीची मोजणी मुलाच्या बाबतीत सहसा होत नाही, मुलीच्याच बाबतीत होते, हे इथे नमूद करायला हवे.

मुलीने वाद घातला नाही. तिने दोन गोष्टी दाखवल्या. सेटला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, तिथे पदविका चालत नाही. आणि ज्या प्रश्नासाठी तिला शिकायचे होते, तो संशोधन प्रकल्प दुसऱ्या वर्षात होता. पहिले वर्ष ही त्याची नुसती तयारी. शेवटी आईने निकाल दिला. "स्थळ बघायचं तर खुशाल बघा, पण मुलगी दोन वर्षं शिकणार आहे हे पहिल्याच भेटीत सांगा." काका त्यावर काही बोलले नाहीत, पण त्यानंतर पदविकेचा विषयही त्यांनी काढला नाही.

पुढचा प्रश्न निवडीच्या विषयांचा. तिच्यापुढच्या यादीत एकीकडे कृषी अर्थशास्त्रासारखे ओळखीचे विषय होते, दुसरीकडे संख्याशास्त्र आणि अर्थमिती. दहावीनंतर गणिताला तिने हात लावलेला नव्हता. बरोबरीच्या मुलींचा कल उघडच पहिल्या बाजूला होता आणि 'गुण कशात पडतात' ही कसोटी त्यामागे होती. ही कसोटी अगदीच खोटी नव्हे. पुढच्या अर्जांत टक्केवारी विचारली जातेच. पण ती एकटीच कसोटी असली की मनुष्य दोन वर्षांनी अशा जागी पोहोचतो जिथे त्याला जायचेच नव्हते.

तिने शेवटाकडून सुरुवात केली. महाराष्ट्रातील सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. राष्ट्रीय पातळीवरच्या नेटचा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम दहा घटकांचा आहे: सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व अर्थमिती, गणितीय अर्थशास्त्र, आंतरराष्ट्रीय व्यापार, सार्वजनिक अर्थकारण, पैसा व बँकिंग, वृद्धी व विकास, पर्यावरण व लोकसंख्या, आणि भारतीय अर्थव्यवस्था. या दहा घटकांसमोर तिने चार सत्रांतील विषय मांडले. कोणता घटक कोणत्या सत्रात वर्गात शिकवला जाईल आणि कोणता स्वतः वाचावा लागेल, हे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. दहांपैकी दोन घटक सरळ गणिताचे होते. ते टाळले तर उरलेल्या आठांवर सारा भार येणार होता. भारतीय अर्थव्यवस्था घरी वाचता येईल, अर्थमिती शिक्षकांशिवाय येणार नाही. तेव्हा जे एकट्याने जमत नाही त्यासाठी वर्गाचे साठ तास वापरायचे, हा तिचा निष्कर्ष फार शहाणपणाचा होता.

त्याला आणखी एक कारण होते. मराठवाड्याचा 'अनुशेष' हा शब्द इथल्या प्रत्येक भाषणात ऐकू येतो. तो शब्द आकड्यांत बसवला तो प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने, १९८४ च्या अहवालात. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे समितीने मोजले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपये आणि त्यांत मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी, असा तो हिशेब होता. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण वाद घालण्यासाठीही आधी मोजमाप समजावे लागते. सोयाबीनच्या भावाचा तिचा प्रश्न लहान असला तरी त्याच जातीचा होता.

उरली गणिताची भीती. नापास झालो तर, हा विचार तिच्या मनातून जात नव्हता. आजोबांनी तेव्हा नरहर कुरुंदकरांची आठवण काढली. पीपल्स महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले होते आणि ते आधी नांदेडच्या शाळेत शिक्षक होते, हे कमी जणांच्या लक्षात असते. धीर मिळाला, पण गणित त्याने येत नाही. ते आले धाकट्या भावाकडून. तो बारावी विज्ञानाला. बालभारतीची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती उतरवून घेतली आणि मे महिन्याच्या दुपारी, दुकानाला गर्दी नसताना, दोघे बसू लागले. फलने, अवकलन, सारणी, संभाव्यता, यापलीकडे जायचे नाही असे ठरले होते. "ताई, सीमांत खर्च म्हणजे नुसतं अवकलनच की!" असे तो एके दिवशी म्हणाला, तेव्हा तिच्या तीन वर्षांच्या व्याख्या एकदम जागेवर बसल्या. इंग्रजी पुस्तके वाचावी लागणार म्हणून भाषा संचालनालयाच्या अर्थशास्त्र परिभाषा कोशातून निवडक शब्दांची एक वहीही तिने तयार केली.

घरच्यांना वेगळीच काळजी होती, ती वेळेची. जाऊन-येऊन शिकायचे, तर शेवटचा तास सुटल्यावर विष्णुपुरीहून नांदेड आणि नांदेडहून नायगाव. हिवाळ्यात घरी येईतो दिवस केव्हाच मावळलेला. सूर्यास्तापूर्वी जेवणारे घर. आजीला अभ्यासक्रमातले काही कळत नव्हते, पण हा मुद्दा तिने पहिल्या दिवशीच धरला. एस.टी.त महिलांना २०२३ च्या मार्चपासून निम्मे भाडे लागते, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. रोजच्या चार-पाच तासांचा होता. वसतिगृहात राहिले तर खानावळीत रात्रीचे जेवण उशिरा. अखेर वेळापत्रक येईपर्यंत थांबायचे ठरले. जमल्यास आणखी एकदोन मुलींबरोबर स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यायची, आणि भाद्रपदातील दशलक्षणाच्या उपवासांत अंतर्गत चाचण्या आल्या तर कोणता उपवास करायचा हे तिचे तिने ठरवायचे. हा शेवटचा निर्णय आजीने स्वतः दिला.

कागदपत्रांचे काम त्या मानाने किरकोळ, पण धावपळ तिथेच होते. गुणपत्रके, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार, अकॅडेमिक बँकेचा क्रमांक, छायाचित्रे. त्याच विद्यापीठात शिकलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागत नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी ते आणि तिकडचे पात्रता प्रमाणपत्र यांसाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा. केंद्र सरकारने २०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे. शिष्यवृत्तीच्या योजनांत उत्पन्नाची अट असते, म्हणून उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवलेला बरा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच आहे ना, हे वडिलांनी तपासले. दोन ठिकाणी आडनावात एक अक्षर जास्त निघाले आणि त्यात चार दिवस गेले.

नोंदणीच्या आधी एक अडचण उरली होती. पुरेसे विद्यार्थी नसले तर निवडीचा विषय सुरूच होत नाही, असे कुठेही घडू शकते. यादीत विषय छापलेला असणे आणि तो वर्गात शिकवला जाणे यांत हे अंतर असते. म्हणून तिने बी.ए.च्या मैत्रिणींना फोन लावले. दहा घटकांचा तो कागद छायाचित्र काढून पाठवला, मे महिन्यातल्या वह्याही देऊ केल्या. दोघींनी नकार दिला, तिघी तयार झाल्या. त्यांतल्या एकीची अट अशी की रविवारी भावाच्या शिकवणीला तिलाही बसू द्यावे.

अर्ज भरला गेला तेव्हा पहिल्या दोन सत्रांचे विषय कागदावर शाईने लिहिलेले होते आणि तिसऱ्या-चौथ्यांचे पेन्सिलने. दुसऱ्या सत्रातल्या प्रशिक्षणापुढे तिने 'बाजार समिती' असे लिहून प्रश्नचिन्ह घातले होते. ते पाहून वडील म्हणाले, "सचिवांना मी आजच सांगून ठेवतो." तिने थांबवले. "आधी संकुलाचं पत्र येऊ द्या, बाबा. मग मीच जाऊन भेटते."