पाळी थांबून किती वर्षे झाली?

पासष्टी उलटलेल्या आईला वरचेवर लघवीला जळजळ होते. दर वेळी प्रतिजैविके दिली जातात, पण तपासणीत जंतू सापडतातच असे नाही. अशा वेळी पाळी थांबून किती वर्षे झाली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. इस्ट्रोजेन घटले की योनीमार्गाचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. जळजळ त्यामुळेही होते, आणि त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावण्याचे मलम मिळते.

हा एक प्रश्न विचारण्याचे शिक्षण आम्हा वैद्यकीय मंडळींना द्यायला हवे. प्रसूतिकक्षात आम्ही कितीतरी रात्री काढल्या. रजोनिवृत्तीच्या वाट्याला एखादे व्याख्यान आले. पुढे २००२ साली अमेरिकेतील संप्रेरकांचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्यातली स्तनाच्या कर्करोगाची धास्ती तेवढी दवाखान्यांत पोहोचली. अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट वाटेतच राहिली. साठीच्या आत, किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर लाभ-हानीचा हिशेब पुष्कळ वेगळा असतो. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते, म्हणजे ही मुदतही लवकर सुरू होते.

कोल्हापूरच्या पेठांत काय किंवा राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर काय, घरात शिरून हे विचारू शकते ती आशाताई. ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी ती जो तपासणी-अर्ज भरते, त्यात पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव होतो का, हा प्रश्न आहेच. फार मोलाचा प्रश्न! ‘पुन्हा पाळी आली’ म्हणून आजी ज्यावर हसतात, ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. एकदाच डाग दिसला तरी तपासणी हवी. पण असा प्रश्न सोप्यात, मुलाच्या आणि नातवाच्या देखत विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तो कोठे आणि कोणाच्या माघारी विचारावा, हेच प्रशिक्षणात आधी शिकवावे. रात्री घामाने जाग येते का, छातीत धडधडते का, हे त्यानंतर.

तोवर आपण एक करा. आईला दवाखान्यात नेताना तिची पाळी कोणत्या वर्षी थांबली, ते चिठ्ठीवर लिहून न्या. पिशवी काढली असेल, तर अंडाशय ठेवले की काढले, तेही लिहा. शस्त्रक्रियेचे जुने कागद बहुधा ट्रंकेच्या तळाशी सापडतील.