भैरवीचें प्रस्थान

आमच्या घरीं गाण्याच्या बैठकींत भैरवी सुरू झाली, कीं मागची मंडळी हळूच वहाणा शोधूं लागतात. भैरवी म्हणजे निरोप! परंतु एका भैरवीनें मात्र निरोपाऐवजीं प्रस्थान ठेविलें आहे.

केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची चीज अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर १’ या यानावरील, सोनेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत कोरलेली आहे. यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं सुटलें. अकराच दिवसांनीं बाई निवर्तल्या. २५ ऑगस्ट २०१२ रोजीं, सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याची हद्द ओलांडून तें ताऱ्यांमधील पोकळींत शिरलें. सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर धांवूनही ग्लीज ४४५ या ताऱ्याजवळून (जवळून म्हणजे दीडएक प्रकाशवर्षांवरून!) जाण्यास त्याला ४०,००० वर्षें लागतील.

ऐकणारा तेथें कोणी असो वा नसो. आमची खंत वेगळीच आहे. तबकडीसोबत सुई दिली आहे, पण ती लावणारा हात नाहीं. गोव्यांतील केरी गांवचा तो भरदार आवाज एवढ्या वाटेवर मुकाच चालला आहे.

परवां आम्हीं तीच चीज घरीं लाविली. ती संपली, तरी वहाणांकडे कोणी वळलें नाहीं.