सात रस्ता आणि सात थर

सोलापूर म्हटले की चादर, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी डोळ्यांसमोर येते. पण परीक्षेच्या हंगामात सोलापूरला गेलात तर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे सात रस्ता परिसरात पुस्तक उघडून बसलेली मुले! रेल्वे स्टेशनहून रिक्षाने थोडक्या वेळात इथे पोहोचता येते. इथून रंगभवनकडे जाता येते, मोदीकडे जाता येते, विजापूर रोडला लागता येते. १९५३ साली सुरू झालेले संगमेश्वर महाविद्यालय याच भागात आहे. त्यामुळे झेरॉक्सची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि दप्तर अडकवलेली पोरे असा इथला नेहमीचा देखावा.

ओळखीच्या एका मुलीकडे आमचे जाणे झाले. सात रस्त्याजवळच्या एका छोट्या खोलीत चार मुले-मुली मिळून कॉम्प्युटर नेटवर्क या विषयाचा अभ्यास करीत होती. बाहेर उन्हाळा रणरणत होता. भिंतीवर जुन्या प्रश्नपत्रिका चिकटवल्या होत्या. या मुलीची आई विड्या वळते. विडीची मजुरी हजारावर मिळते. जितक्या विड्या, तितके पैसे. मुलगी घरात तेलुगू बोलते, शाळा मराठीतून झाली आणि पुस्तक मात्र इंग्रजीत! एक विषय राहिला तर पुन्हा फी भरावी लागते, आणि अनेक कंपन्या विषय राहिलेल्या मुलांना मुलाखतीलाही बोलावत नाहीत. म्हणून या पेपरवर त्या घराचे बरेच काही अवलंबून होते.

आम्ही विचारले, "हा विषय एवढा अवघड का वाटतो?" मुले म्हणाली, "अवघड नाही, पण नुसता पाठ केला की घोटाळा होतो." मग त्यांनी आम्हालाच विद्यार्थी करून शिकवायला घेतले. दुसऱ्याला समजावून सांगितले की आपल्याला किती कळले ते लगेच कळते, ही त्यांची पहिली युक्ती.

सुरुवात सात थरांपासून झाली. एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे निरोप कसा जातो याचा आराखडा १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने प्रसिद्ध केला. त्यात सात थर आहेत. खालून वर मोजले तर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन. दहीहंडीच्या थरांसारखाच हा प्रकार! खालच्याने खांदा द्यायचा, वरच्याने त्यावर उभे राहायचे. सात रस्त्यावर राहून सात हा आकडा विसरायची सोय नाही, असे एक मुलगा हसत म्हणाला. पण त्याने लगेच बजावले, "चौकातले रस्ते म्हणजे थर नव्हेत हं! चौक म्हणजे राउटर. निरोप आला की त्याचा पत्ता वाचायचा आणि योग्य रस्त्याला लावून द्यायचा." प्रत्यक्षात आजचे इंटरनेट ज्या टीसीपी-आयपी पद्धतीवर चालते तिचे थर कमी आहेत. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेटने ती स्वीकारली. दोन्ही आराखड्यांतील फरक विचारला गेला तर तक्ता करून लिहायचा, असे त्यांनी ठरवले होते.

रस्ता निवडण्याचे गणित त्यांनी सोलापूरच्याच नकाशावर मांडले. पंढरपूरला मोहोळमार्गे सडकेने गेले तर सुमारे ७५ किलोमीटर. रेल्वेने कुर्डुवाडीला जाऊन वळले तर आधी सुमारे ८० आणि पुढे सुमारे ५०. साहजिकच मोहोळची वाट जवळची. असे सगळे रस्ते तपासून सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. तिचे उदाहरण सोडवताना प्रत्येक पायरीचा तक्ता लिहावा. शेवटचे उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळण्याची आशा राहते.

पत्त्यांचे गणित पुष्कळ मुलांना घाबरवते. ते मुलीने पेठेच्या उदाहरणाने सांगितले. पत्त्यात पेठ वेगळी आणि घर नंबर वेगळा असतो, तसे आयपी पत्त्यातही दोन भाग. २५६ पत्त्यांच्या चार सारख्या पेठा केल्या तर प्रत्येकीत ६४ पत्ते येतात. पहिला पत्ता पेठेच्या नावाचा, शेवटचा सगळ्या पेठेला एकदम हाक मारण्याचा. उरले ६२. आता शेवटचा आकडा १३० असलेला कॉम्प्युटर कोणत्या पेठेत? पेठा ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. म्हणजे तो तिसऱ्या पेठेत, आणि त्या पेठेची शेवटची हाक १९१ वर. रोज अशी पाच गणिते घड्याळ लावून सोडवायची, हा त्यांचा नेम होता.

चूक शोधण्याच्या रीतीबद्दल ती जे बोलली ते आमच्या कायम लक्षात राहील. "आई विड्या जमा करायला नेते तेव्हा तिथे तपासणी होते. खराब विड्या बाजूला काढतात. त्या पुन्हा वळून द्याव्या लागतात. सीआरसीचं तेच! पाठवणारा भागाकार करून बाकी जोडतो. घेणारा पुन्हा भागतो. बाकी शून्य आली तर माल चोख, नाही तर परत पाठव." पुस्तकातील व्याख्या तिने इंग्रजीत नंतर लिहिली. समजूत मात्र आधीच पक्की झाली होती. आपण घरच्या भाषेत समजून घ्यावे, मग परीक्षेच्या भाषेत लिहून काढावे, हा क्रम सर्व विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तसे पाहिले तर सोलापूरला ही विद्या परकी नाही. इथल्या चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उठते. फ्रान्सच्या जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हा माग तयार केला. त्यात छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे असत. छिद्र असेल तिथे एक हुकूम, नसेल तिथे दुसरा. कॉम्प्युटरचे शून्य आणि एक याच जातीचे! मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे या गावात एकत्र नांदतात. वेगवेगळ्या बोलीच्या यंत्रांनी ठरलेल्या नियमांनी बोलावे, यालाच प्रोटोकॉल म्हणतात. सोलापूरकर तो बाजारात रोज पाळतो.

अशोक चौकातील वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ साली सुरू झाले. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि जिल्ह्यातील मुलांचे कोल्हापूरचे हेलपाटे वाचले. आता मुलांना घरून हवी आहे ती थोडी शांतता. पालकांनी विषय समजला नाही तरी हरकत नाही. संध्याकाळी मुलाला एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास ते मला सांग बरे!" टीव्हीचा आवाज कमी करावा आणि परीक्षेच्या महिन्यात मुलीला पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या कामातून मोकळे करावे.

आम्ही निघालो तेव्हा मुले पुन्हा १९ व्या प्रश्नाकडे वळली होती. प्रश्न होता, दोन कॉम्प्युटर बोलण्याआधी ओळख कशी करून घेतात? "ऐकू येतंय का?" "येतंय, तुला?" "मलाही येतंय." तीन वाक्यांत ओळख पुरी! मगच निरोप सुरू होतो.