कोरड्या गावाचे स्वप्न

भर पावसाळ्यात आंबेनळी घाटातून मोटार हाकणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात : देवाचे नाव आणि बिऱ्हाड दुसरीकडे हलवण्याचा बेत. महाबळेश्वर सोडले की धुके काचेला चिकटते. वायपर कितीही धावोत, रस्ता दिसतो तो हातभर. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणावळणाला कड्यावरून टपावर कोसळणारे पाणी!

आम्ही महाडकर. हेच पाणी सावित्रीतून आमच्या दारी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिने महामार्गावरचा जुना पूल वाहनांसकट नेला. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले. त्या सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

"आपण दहिवडीला राहायला जाऊ या हो," सौ. घाटात दर खेपेस म्हणते. तिथे तिची धाकटी बहीण असते. महाबळेश्वर आणि दहिवडी, दोन्ही सातारा जिल्ह्यातच. पण ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि माणदेशाच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येतो. आपला एक दिवस, तो त्यांचा अख्खा पावसाळा! मग मीही मनात तिथे घर बांधतो. कोरडे अंगण, उन्हात वाळणारे कपडे, रात्रीची निर्धास्त झोप.

गेल्या वैशाखात मेहुणीचा फोन आला. टँकरची वाट पाहून ती कंटाळली होती. "भाओजी, महाडला भाड्याने जागा मिळेल का हो?"

दोन्ही बिऱ्हाडे अजून जागच्या जागी आहेत. घाट लागला की आम्ही मनाने दहिवडीत असतो. टँकर चुकला की ती महाडात.